ताईला टीटीपी (बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा आजार) झालाय, रोज प्लाझ्मा बदलतायत. हा उपचार नीट समजून घ्यायचाय

केजकर

नमस्कार मंडळी. मी एरवी इथं सोयाबीन-तुरीच्या धाग्यांवर असतो, आज घरच्या कामासाठी लिहितोय.

माझी ताई, वय ३६, अहमदपूर तालुक्यात दिलेली. दोन लेकरं आहेत, धाकटं अजून अंगणवाडीत. पोळ्याच्या सुमारास तिला ताप आला, मांड्यांवर आणि दंडावर निळे-काळे डाग उठले. तालुक्याच्या गावात एका दवाखान्यात रक्त तपासलं तर प्लेटलेट २२ हजार. डेंग्यू म्हणाले. तेव्हा घराघरात डेंग्यूच चालू होता, त्यामुळं आम्हालाही ते पटलं. प्लेटलेटच्या पिशव्या चढवल्या, तर दुसऱ्या दिवशी वाढायच्या सोडून १४ हजारांवर आल्या. लघवी काळपट लाल व्हायला लागली. संध्याकाळी दाजींशी बोलता बोलता तिला शब्दच सापडेनात, मग दाजींनाच ओळखेना.

रात्रीच लातूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी काचेवर रक्ताचा थेंब पसरून स्वतः दुर्बिणीत पाहिलं. म्हणाले, तांबड्या पेशी तुटलेल्या दिसतायत, हा डेंग्यू नाही, टीटीपी वाटतोय, आत्ताच्या आत्ता संभाजीनगरला हलवा. निघायच्या आधी त्यांनी एका निळ्या झाकणाच्या नळीत रक्त काढून बर्फात घालून सोबत दिलं, आणि मग प्लाझ्माच्या दोन पिशव्या चढवायला लावल्या.

आता ताई आयसीयूत आहे. मानेत जाड नळी घातलीय. रोज मशीन लावून प्लाझ्मा बदलतात, आणि आम्हाला रोज प्लाझ्माच्या पिशव्यांची चिठ्ठी मिळते. डॉक्टर मनापासून करतायत, पण त्यांच्याकडं ढीगभर पेशंट, आम्हाला राउंडला दोन मिनिटं मिळतात. बाहेर बाकड्यावर जो तो आपलं सांगतो. कुणी म्हणतं डायलिसिस आहे, किडनी गेली. कुणी म्हणतं रक्त घाण झालंय, धुऊन परत घालतात. ताईच्या सासूबाई म्हणतात, रोज एवढं रक्त काढल्यावर पोरीत राहणार काय? अण्णा तर बोलतच नाहीत.

मला विचारायचंय ते असं. हे नेमकं काय काढतात आणि काय घालतात? किती दिवस चालतं? प्लेटलेट एवढ्या कमी असून आता का देत नाहीत? आणि घरच्यांनी काय करायला पाहिजे? कुणाला माहीत असेल तर समजेल असं सांगा.

बालाघाट

भाऊ, वाचून काळीज हललं. आमच्याकडं प्लेटलेटसाठी पपईच्या पानांचा रस देतात, माझ्या पुतण्याला डेंग्यूत दिला होता. किवी पण चालू करा. रक्तशुद्धीचं एखादं आयुर्वेदिक सिरप सोबत घेतलं तर? विचारून बघा. ताईला लवकर बरं वाटू दे.

गोदातीर

केजकर दादा, मी नांदेडची. माझ्या मिस्टरांचा प्लाझ्मा बदलला होता, आजार मात्र वेगळा, जीबीएस (गिलाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार). सविस्तर संध्याकाळी लिहिते, आत्ता ऑफिसात आहे. सासूबाईंना एवढंच सांगा की एका वेळी शरीराबाहेर फार तर वाटीभर रक्त असतं. एकीकडून येतं तसं दुसरीकडून लगेच परत जातं. मी स्वतः शेजारी उभी राहून पाहिलंय.

स्टेथोस्कोप

केजकर, मी फिजिशियन आहे, मराठवाड्यातच एका जिल्ह्याच्या ठिकाणी काम करतो. तुमच्या ताईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांचे डॉक्टर सांगतील तेच खरं. पण आजार आणि उपचार समजावून सांगता येईल.

रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं प्रथिन रक्तात सुटतं. ते लांबलचक धाग्यासारखं असतं. जखम झाली की प्लेटलेट त्याला चिकटतात आणि रक्त थांबतं. हे धागे गरजेपेक्षा लांब राहू नयेत म्हणून ॲडॅमटीएस-१३ नावाचं एक एन्झाइम त्यांचे तुकडे करत असतं. ताईंच्या शरीरात बहुधा या एन्झाइमच्याच विरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या आहेत. मोठेपणी होणारा टीटीपी बहुतेक वेळा असाच असतो. एन्झाइम संपलं की धागे लांबच राहतात, त्यांना प्लेटलेट चिकटत जातात, आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांच्या अगदी बारीक वाहिन्यांत गुठळ्या अडकतात. तांबड्या पेशी त्या अडथळ्यांतून जाताना फाटतात. लातूरच्या डॉक्टरांना काचेवर दिसले ते हेच तुकडे. लघवीचा रंग, बोलण्यातला गोंधळ, अंगावरचे डाग, सगळं या एकाच गोष्टीतून आलंय.

म्हणजे प्लेटलेट कमी आहेत त्या तयार होत नाहीत म्हणून नव्हे, त्या गुठळ्यांत खर्ची पडतायत. वरून प्लेटलेट देणं म्हणजे ठिबकच्या नळ्यांत क्षार धरून ड्रिपर बंद पडलेले असताना टाकीत आणखी क्षाराचं पाणी सोडण्यासारखं आहे. जिवावरचा रक्तस्राव असेल तरच डॉक्टर त्या देतात. कृपा करून 'प्लेटलेट चढवा' असा आग्रह नातेवाइकांपैकी कुणीही धरू नये. मी हे हात जोडून सांगतोय, कारण आमच्या वॉर्डात असा आग्रह रोज होतो.

आता मशीन काय करतं ते. मानेतल्या नळीला दोन तोंडं असतात. एकातून रक्त मशीनमध्ये जातं, तिथं वेगानं फिरवून पेशी आणि प्लाझ्मा वेगळे होतात. प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पिवळसर पातळ भाग. तो टाकून देतात, आणि पेशी दात्यांच्या ताज्या प्लाझ्मात मिसळून दुसऱ्या तोंडानं परत शरीरात. एका बैठकीला साधारण दोन ते चार तास लागतात. टाकलेल्या प्लाझ्माबरोबर अँटिबॉडी आणि ते लांब धागे जातात. नव्या प्लाझ्माबरोबर ताईंच्याकडे नसलेलं एन्झाइम येतं. बाकड्यावरचे लोक फक्त काढण्याविषयी बोलतायत, पण टीटीपीत घालण्याला तेवढंच महत्त्व आहे, किंबहुना जास्तच. रोज पिशव्या मागतात त्या यासाठी.

डायलिसिस वेगळं. त्यात युरिया, क्रिएटिनिन असे छोटे रेणू आणि जास्तीचं पाणी चाळणीतून निघतं. अँटिबॉडी त्या मानानं प्रचंड मोठ्या, त्या चाळणीतून जातच नाहीत. नळी सारखी दिसते म्हणून लोकांचा गोंधळ होतो.

'रोज करतायत म्हणजे हाताबाहेर गेलं' असंही समजू नका. टीटीपीत रोजच करायचं असतं. एका बैठकीत प्लाझ्मा एकपट बदलला तर त्यातल्या अँटिबॉडी साधारण दोन तृतीयांशच कमी होतात. अँटिबॉडीचा मोठा साठा रक्ताबाहेर, पेशींच्या भोवतालच्या द्रवात असतो, तो पुन्हा रक्तात झिरपतो. शिवाय शरीर नवीन बनवत असतंच. ते बनवणं थांबावं म्हणून स्टिरॉइड चालू असेल, आणि कदाचित रिटुक्सिमॅबही देतील. प्लाझ्मा बदलणं म्हणजे ही औषधं लागू पडेपर्यंत माणूस वाचवून धरणं.

हा आजार पहिल्यांदा लिहिला गेला १९२४ मध्ये, न्यूयॉर्कच्या डॉ. मॉश्कोविट्झ यांनी. १६ वर्षांची मुलगी होती, ती वाचली नाही. पुढं अनेक दशकं उपचार नसलेल्या दहांतले नऊ जण जात. १९९१ मध्ये कॅनडातल्या १०२ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की प्लाझ्मा नुसता चढवण्यापेक्षा बदलला तर जास्त जण वाचतात. सहा महिन्यांनंतर मृत्यू ३७ टक्क्यांच्या जागी २२ टक्के. आता वेळेत सुरू झालं तर दहांतले आठ-नऊ जण घरी जातात. तुमचं वेळेत सुरू झालंय.

बालाघाट, तुमची कळकळ कळते. पपईच्या रसानं किंवा सिरपनं अँटिबॉडी जात नाहीत आणि एन्झाइमही येत नाही. आयसीयूतल्या रुग्णाला, तेही शुद्धीत गोंधळ असताना, बाहेरचं काही पाजू नका. श्वासनलिकेत जायची भीती असते.

बालाघाट

समजलं डॉक्टरसाहेब. आमच्याकडचं कुणी आता आग्रह करणार नाही.

केजकर

डॉक्टर, तुमचं उत्तर अण्णांना वाचून दाखवलं. 'वाचवून धरणं' ऐकल्यावर ते पहिल्यांदा बोलले, म्हणाले, मग पिशव्यांचं बघू.

आता तेच अवघड चाललंय. आज १४ पिशव्या सांगितल्या. ताईचा गट बी पॉझिटिव्ह. एका रक्तपेढीत सहा मिळाल्या, दुसरीकडं चार. बाकीच्यासाठी दाजी फिरतायत. रोज १४ खरंच लागतात का?

रक्तमित्र

केजकर भाऊ, मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, हा हिशोब आमचा रोजचा.

शरीरात किलोमागं साधारण ६५ मिली रक्त धरतात. ताईंचं वजन समजा ५२ किलो, म्हणजे ३,३८० मिली. त्यात पेशी किती ते हिमॅटोक्रिटवरून कळतं. त्यांच्या पेशी फुटल्यामुळं तो कमी असणार, समजा २४ टक्के. उरलेला ७६ टक्के प्लाझ्मा, म्हणजे साधारण २,५७० मिली. आपल्याकडं ३५० मिलीच्या रक्तपिशवीतून प्लाझ्मा निघतो दीडशे ते दोनशे मिली. १८० धरला तर १४ ते १५ पिशव्या. हा झाला एकपट बदल. सुरुवातीला दीडपट करायचं ठरवलं तर वीसच्या वर जातात. तेव्हा १४ हा आकडा रास्त आहे, कुणी वाढवून सांगत नाहीये.

गटाचं नीट ऐका, इथं लोक हमखास उलटं धरतात. तांबड्या पेशींसाठी ओ निगेटिव्ह गट सगळ्यांना चालतो. प्लाझ्माला मात्र एबी गट सगळ्यांना चालतो. ताई बी गटाच्या, म्हणजे त्यांना बी किंवा एबी प्लाझ्मा. ओ गटाचा प्लाझ्मा चालणार नाही, त्यात बी पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी असतात. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा प्लाझ्माला सहसा अडसर नसतो. म्हणून 'बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा पाहिजे' असा मेसेज फिरवू नका. 'बी किंवा एबी, कुठलाही' असं लिहा, शोध सोपा होईल.

रक्तदात्याकडून घेतलेलं रक्त ठरावीक तासांच्या आत वेगळं करून गोठवावं लागतं, तरच त्याला एफएफपी, म्हणजे ताजा गोठवलेला प्लाझ्मा म्हणतात. उणे ३० अंशाला ते वर्षभर टिकतं. पण घटक वेगळे करायचा परवाना सगळ्या पेढ्यांना नसतो, आणि तालुक्याच्या साठवणूक केंद्रात तर नसतोच. जिल्ह्याच्या मोठ्या पेढ्यांनाच फोन करा. लातूर, बीड, परभणी, जालना असं वाटून घ्या, एकाच माणसानं सगळीकडं धावू नये.

लांबून आणणार असाल तर थर्माकोलच्या खोक्यात बर्फाचे पॅक घालून, पिशव्या आडव्या, मधे कागद देऊन ठेवा. गोठलेली पिशवी काचेइतकी ठिसूळ होते. मांजरसुंब्याच्या घाटात खोकं आपटलं आणि पिशवीचा कोपरा तडकला तर वितळल्यावर ती गळते, टाकूनच द्यावी लागते. रस्त्यात वितळू देऊ नका. वितळवायचं काम तिथली पेढी ३७ अंशाच्या पाण्यात करते, त्याला अर्धा तास लागतो. एकदा वितळलेला प्लाझ्मा पुन्हा गोठवता येत नाही. म्हणून मशीन किती वाजता लागणार ते विचारा आणि त्याच वेळेला धरून वितळवायला सांगा. मशीन उशिरा लागलं म्हणून पिशव्या वाया गेलेल्या मी पाहिल्यात, फार वाईट वाटतं.

आणि गावातल्या पोरांना रक्तदानाला आणा. त्यांचंच रक्त ताईला जाईल असं नाही, तपासण्या होऊन ते साठ्यात जातं, पण त्या बदल्यात पेढीला साठा सोडता येतो. सगळ्यांना एकाच दिवशी आणू नका. पुरुषांना पुढचं रक्तदान ९० दिवसांनी करता येतं. सगळे आज देऊन गेले तर आठ दिवसांनी कुणाला बोलावणार? पाच-सहा जणांच्या तुकड्या करा.

मांजरा

रक्तमित्र यांनी छान सांगितलं. एक भर घालते. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी सक्तीची असते. एवढ्या परक्या लोकांचा प्लाझ्मा म्हणून घरात कुणी घाबरत असेल तर हे सांगा.

मी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करते, त्यामुळं पैशांचंही लिहिते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र तिथं खाली खिडकीवर बसत असेल. त्याला निदानाचा कागद आणि उपचाराचं नाव दाखवून काय बसतं ते लेखी विचारा. तोंडी 'बसत नाही' ऐकून परत येऊ नका. रुग्णालय धर्मादाय असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतं. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज वेगळा, त्याला डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक जोडतात. तो पेशंट दाखल असतानाच करा, सुट्टी झाल्यावर धावपळ होते. दाखला काढायला गावाकडं दुसऱ्या कुणाला पाठवा. दाजींना तिथून हलवू नका.

गोदातीर

आता निवांत लिहिते.

मिस्टरांना जीबीएस झाला होता. आधी पायांना मुंग्या, मग जिना चढवेना, मग हातातला चहाचा कप सुटला. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची साथ आली तेव्हा हे नाव सगळ्यांना कळलं. आमच्या वेळी घरात कुणी ऐकलंही नव्हतं. त्यात स्वतःच्याच अँटिबॉडी नसांवर हल्ला करतात. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले, आयव्हीआयजी (दात्यांच्या अँटिबॉडी शिरेतून देणं) किंवा प्लाझ्मा बदलणं. दोन्हींचा गुण सारखाच, खर्च वेगळा. आम्ही प्लाझ्मा बदलणं घेतलं. त्यांचं एक दिवसाआड होतं, आणि आत घालायला दात्यांचा प्लाझ्मा नव्हता, अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाच्या बाटल्या होत्या. म्हणून आम्हाला पिशव्यांची धावपळ पडली नाही. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दुसरं काही घालतायत, आपल्यालाच का नाही, असं वाटू शकतं. आजाराप्रमाणं बदलतं ते.

मशीन चालू असताना मिस्टरांच्या ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या. मला वाटलं आजार वर चढतोय. सिस्टरनं सांगितलं की मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात, ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यानं असं होतं. कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं की थांबायचं. ताई शुद्धीवर असेल तर तिला सांगून ठेवा की ओठ झिणझिणले, थंडी वाजली, अंगाला खाज आली तर लगेच बोल. सहन करत बसायचं नाही. आपल्या बायकांना सहन करायची फार सवय.

स्टेथोस्कोप

गोदातीर यांनी नेमकं लिहिलंय. टीटीपीत सायट्रेट दुहेरी जातं, मशीनमधलं आणि दात्यांच्या पिशव्यांतलं, त्यामुळं हा त्रास जास्त होतो. खाज, गांधी, थंडी ही दात्यांच्या प्लाझ्माची ॲलर्जी असू शकते, त्यावर औषधं असतात. मानेच्या नळीला जंतुसंसर्ग व्हायची भीती असते. तिथं लाली, पू किंवा नवा ताप दिसला तर सांगा. भेटायला जाताना हात धुवा, आणि एका वेळी एकानंच जा.

केजकर

दोन दिवस लिहायला जमलं नाही. ताईनं काल मला नावानं हाक मारली. लेकरं कुठंयत विचारलं. प्लेटलेट १४ वरून ३८ हजारांवर आल्यात. ओठांना मुंग्या आल्याचं तिनं स्वतः सिस्टरला सांगितलं, मी गोदातीर ताईंचं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं होतं.

पिशव्यांचं आता बसवलंय. भावकीतली आणि मित्रमंडळातली पोरं तुकड्यांनी येतायत. 'बी किंवा एबी, कुठलाही' असा मेसेज फिरवल्यावर जालन्याहून आणि बीडहून फोन आले. आरोग्यमित्राकडून लेखी घेतलं, एक भाग योजनेत बसतोय, उरलेल्यासाठी अर्ज केलाय.

डॉक्टर, प्लेटलेट वाढल्या म्हणून दाजी म्हणतायत आता बंद करायला सांगू, नळी काढू, तिला फार त्रास होतोय. काय सांगू त्यांना?

स्टेथोस्कोप

ही फार चांगली बातमी आहे. दाजींना सांगा, अजून थांबा. साधारणपणे प्लेटलेट दीड लाखाच्या वर जाऊन सलग दोन दिवस तिथं टिकाव्या लागतात, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) खाली यावा लागतो, मेंदूची लक्षणं जावी लागतात, मगच थांबवतात. मधेच थांबवलं तर आकडे पुन्हा कोसळतात, आणि थांबवल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात तसंही लक्ष ठेवावं लागतं. एखाद्या दिवशी प्लेटलेट थोड्या घसरल्या तर हबकून जाऊ नका. दर दिवसाच्या आकड्यापेक्षा चार दिवसांचा कल बघायचा.

निळ्या झाकणाच्या नळीचं काय झालं? त्याचा अहवाल आला का?

केजकर

आला. ॲडॅमटीएस-१३ पाच टक्क्यांच्या खाली, आणि अँटिबॉडी पॉझिटिव्ह. इथले डॉक्टर म्हणाले, लातूरवाल्यांनी प्लाझ्मा चढवायच्या आधी नमुना घेतला हे फार बरं केलं.

स्टेथोस्कोप

अगदी. दात्यांचा प्लाझ्मा गेल्यावर त्यातलं एन्झाइम मिसळतं आणि तपासणी फसवी येते. दहा टक्क्यांच्या खाली असेल तर टीटीपी पक्का. पण अहवाल यायला दिवस लागतात, उपचार त्याच्यासाठी थांबवत नाहीत. लातूरच्या त्या डॉक्टरांनी काच पाहिली, नमुना घेतला, पिशव्या चढवून पुढं धाडलं. ज्या गावात मशीन नाही तिथं याच्यापेक्षा जास्त काही करता येत नाही.

हा धागा वाचणाऱ्या माझ्या तालुक्याच्या डॉक्टर मित्रांसाठी लिहितो. पावसाळ्यात प्लेटलेट कमी आल्या की आपण डेंग्यू लिहून मोकळे होतो, शंभरांत नव्व्याण्णव वेळा ते बरोबरही निघेल. पण डेंग्यूत हिमॅटोक्रिट बहुधा चढतो. इथं प्लेटलेटबरोबर हिमोग्लोबिनही घसरतं, बिलिरुबिन आणि एलडीएच वाढतो, गोठण्याच्या तपासण्या मात्र नॉर्मल असतात. असं चित्र दिसलं, किंवा तापाचा रुग्ण असंबद्ध बोलायला लागला, तर मशीनच्या आकड्यावर न थांबता काचेवर रक्त बघा. त्याला पाच मिनिटं लागतात आणि तपासणीही महाग नाही. आपल्या भागातून संभाजीनगर किंवा सोलापूर गाठायला अर्धा दिवस जातो, त्यात ही पाच मिनिटं लवकर गेली तर रुग्णाच्या पदरात बरंच पडतं.

रक्तमित्र

डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडं 'डेंग्यू' लिहून प्लेटलेटची मागणी येते त्यात हिमोग्लोबिनचा आकडाच नसतो. मी आता फोन करून विचारतो.

केजकर

मंडळी, काल ताईची नळी काढली. प्लेटलेट पावणेदोन लाखांवर टिकल्यात. रिटुक्सिमॅबचे डोस अजून राहिलेत, त्याला दिवसभरासाठी यायचं. चार दिवसांत सोडतील म्हणतात. बोलण्यात अजून मधेच अडखळते, पण धाकट्याला फोनवर गोष्ट सांगितली तिनं.

आता पुढचं विचारतो. हा आजार परत येतो का? घरी काय बघायचं? आणि दर वेळी संभाजीनगरला यावं लागेल की लातूरला किंवा अहमदपूरला तपासता येईल?

स्टेथोस्कोप

परत येऊ शकतो, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या, ताईंना सुद्धा. बऱ्याच रुग्णांत पुढं कधीतरी पुन्हा झटका येतो. ॲडॅमटीएस-१३ आधी घसरतं, प्लेटलेट नंतर. म्हणून ती तपासणी सुरुवातीला दर महिन्याला, मग दोन-तीन महिन्यांनी करतात. एन्झाइम घसरताना दिसलं तर लक्षणं यायच्या आधीच औषध देता येतं.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एलडीएच अहमदपूरलाही होईल, पहिले काही आठवडे तिथंच वरचेवर करा आणि आकडे संभाजीनगरच्या डॉक्टरांना कळवा. ॲडॅमटीएस-१३ चा नमुना लातूरच्या मोठ्या लॅबमधून पुढं पाठवता येतो, फक्त तो निळ्या झाकणाच्या नळीत घेऊन, प्लाझ्मा वेगळा करून, गोठवून जायला हवा. लॅबला आधी फोन करून हे जमतं का ते विचारा.

नवे डाग, काळपट लघवी, न थांबणारी डोकेदुखी, बोलताना अडखळणं वाढणं, कारण नसताना ताप, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सीबीसी. स्टिरॉइड मनानं बंद करायचं नाही, ते हळूहळू उतरवतात. गर्भनिरोधक गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, आणि पुन्हा दिवस राहायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं, गरोदरपणात हा आजार उसळू शकतो. नवरात्राचे कडक उपवास या वर्षी नकोत.

डिस्चार्जच्या कागदावर निदान मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि त्याचा फोटो दाजींच्या, तुमच्या आणि ताईंच्या फोनमध्ये ठेवा. उद्या कुठल्याही दवाखान्यात 'प्लेटलेट कमी आहेत, चढवू' म्हणाले तर आधी तो फोटो दाखवायचा.

केजकर

फोटो घेतला. भावकीच्या ग्रुपवर पण टाकून ठेवलाय. लातूरच्या लॅबला फोन केला, ते नमुना गोठवून पाठवतात, सोमवार ते गुरुवार सकाळी ११ च्या आत यायला सांगितलंय. पहिली तारीख दाजींनी धरलीय.

गोदातीर

नमुन्याच्या दिवशी सोबत कुणी नसेल तर कळवा दादा, माझी बहीण लातूरलाच बार्शी रोडला राहते. ताईला डबा घेऊन येईल.